जखमेवरची चिटोसान-पीव्हीए फिल्म ओली होताच विरघळते: घटक बदलावेत की चाचण्या?

प्रश्न : पटल_अभ्यासक

सर्वांना नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी जखमेवर लावता येईल अशी पातळ, पारदर्शक पॉलिमर फिल्म तयार करण्याचे काम करते आहे. चिटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून मिळणारा पॉलिमर) एक टक्का अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवायचे, पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा कृत्रिम पॉलिमर) वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळायचे, दोन्ही पॉलिमर मिळून द्रावणात सुमारे दोन टक्के ठेवायचे, फिल्म लवचिक राहावी म्हणून पॉलिमरच्या वजनाच्या २५ टक्के ग्लिसरॉल घालायचे आणि नऊ सेंटिमीटर व्यासाच्या पेट्री डिशमध्ये २० ग्रॅम द्रावण ओतून ४० अंश सेल्सियसला वाळवायचे, अशी माझी सध्याची पद्धत आहे. पीव्हीए ८८ टक्के हायड्रोलाइज्ड (म्हणजे ८८ टक्के अ‍ॅसिटेट गट हायड्रॉक्सिल गटांत बदललेल्या) प्रतीचे आहे. कोरडी फिल्म स्वच्छ, लवचिक आणि हाताळायला सोपी मिळते. तिची जाडी साधारण ६० मायक्रोमीटर भरते.

अडचण ओल्या अवस्थेत येते. फॉस्फेट बफरमध्ये ठेवल्यावर फिल्म वेगाने फुगते, सुरुवातीला वजनाच्या १४०० टक्क्यांपर्यंत द्रव घेते आणि नंतर कडेपासून विरघळू लागते. काही शोधनिबंधांत ग्लुटाराल्डिहाइड वापरून क्रॉसलिंकिंग (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडणे) केलेले दिसते, पण जखमेशी थेट संबंध येणाऱ्या पदार्थात ते वापरावे की नाही याबद्दल मनात शंका आहे. पाण्याच्या वाफेच्या पारगमनाचा दर मी कप पद्धतीने (पाण्याच्या कपाच्या तोंडावर फिल्म लावून, घटलेल्या वजनावरून) खोलीच्या तापमानाला मोजला. तो दिवसाला प्रति चौरस मीटर ९०० ग्रॅमच्या आसपास आला. वाचनात मात्र २००० ते २५०० ग्रॅम हे उद्दिष्ट वारंवार येते.

माझे तीन प्रश्न आहेत. ही फिल्म ओल्या अवस्थेत टिकवण्यासाठी सर्वांत कमी घातक मार्ग कोणता? वाफेच्या पारगमनाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी जाडी कमी करावी की घटक बदलावेत? आणि पुढच्या टप्प्यात करक्युमिन (हळदीतील पिवळे द्रव्य) किंवा चांदीचे सूक्ष्मकण घालण्याचा विचार आहे, तो आत्ताच करावा की आधी मूळ फिल्मच्या चाचण्या पूर्ण कराव्यात?

उत्तर १ : बहुवारिक_रसायन

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्रॉसलिंकिंगच्या आधीच्या पायरीत आहे. अ‍ॅसिटिक आम्लातून वाळवलेली चिटोसान फिल्म ही प्रत्यक्षात चिटोसान अ‍ॅसिटेट या क्षाराची फिल्म असते. चिटोसानच्या अमिनो गटाचा पीकेए (ज्या सामूला निम्मे गट प्रोटॉनयुक्त असतात तो) ६.३ ते ६.५ च्या दरम्यान असतो. वाळवल्यानंतर त्यातले बरेच गट प्रोटॉनयुक्त, म्हणजे धनभारित स्थितीतच राहतात, आणि फिल्म पाण्यात गेली की हेच भार एकमेकांना दूर ढकलून साखळ्या मोकळ्या करतात. म्हणून वाळलेली फिल्म सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, साधारण एक मोलर द्रावणात, अर्धा तास ठेवून मग धुतलेल्या पाण्याचा सामू उदासीन होईपर्यंत शुद्ध पाण्याने धुणे, ही उदासीनीकरणाची पायरी आवश्यक आहे. यानंतर चिटोसान उदासीन सामूला विरघळत नाही, फक्त मर्यादित फुगते. केवळ चिटोसानपुरता विचार केला तर वेगळ्या क्रॉसलिंकरची गरज अनेकदा इथेच संपते.

मात्र या धुण्यात तुमचे ग्लिसरॉल जवळजवळ सगळे निघून जाईल आणि वाळल्यावर फिल्म ठिसूळ होईल. त्यासाठी धुतलेली ओली फिल्म ग्लिसरॉलच्या पाण्यातील द्रावणात बुडवून मग चौकटीत ताणून वाळवावी. अशा वेळी फिल्ममध्ये किती ग्लिसरॉल राहील ते बुडवण्याच्या द्रावणाच्या संहतीवर ठरते, म्हणून सुरुवातीला ओतलेल्या २५ टक्क्यांचा आकडा पुढच्या लेखनात वापरू नका. बफरमधील वजन-घटीच्या चाचणीतही हीच गोष्ट आड येते. पहिल्या तासात कमी होणारे वजन बहुधा ग्लिसरॉलचे असते आणि ते ‘विघटन’ म्हणून नोंदवले जाते. मला हा प्रकार फार खटकतो, कारण त्यावरून ‘जैवविघटनशील’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तो पुढे वाचणाऱ्याला खरा वाटतो.

दुसरा घटक पीव्हीए. ८८ टक्के प्रतीमध्ये उरलेले अ‍ॅसिटेट गट साखळ्यांना नीट जुळू देत नाहीत, त्यामुळे स्फटिकी भाग कमी तयार होतो आणि फिल्म साध्या पाण्यातही विरघळते. ९८ ते ९९ टक्के हायड्रोलाइज्ड प्रत घ्या. ती विरघळवायला पाणी ९० अंशांच्या आसपास तापवावे लागते, पण गोठवणे आणि वितळवणे यांची आवर्तने दिली की सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि तेच साखळ्यांना बांधून ठेवतात. कोणतेही रसायन न घालता मिळणारे हे भौतिक क्रॉसलिंकिंग आहे, त्यामुळे उरलेल्या अभिकारकाची चिंता राहत नाही. द्रावण साच्यात ओतून उणे २० अंशांना गोठवायचे, खोलीच्या तापमानाला आणायचे, हे काही वेळा करायचे आणि मग वाळवायचे. ग्लुटाराल्डिहाइड मी टाळेन. त्याचे न जोडलेले रेणू आणि अर्धवट जोडलेली टोके पेशींना घातक ठरतात, आणि ती पूर्णपणे धुऊन काढली हे दाखवण्यासाठी स्वतंत्र विश्लेषण करावे लागते. जेनिपिन हा वनस्पतिजन्य क्रॉसलिंकर तुलनेने सौम्य आहे, परंतु त्याने अमिनो गटांशी जोडणी केली की फिल्म गडद निळी होते. जखम दिसावी म्हणून पारदर्शक फिल्म करायची असेल तर तो पर्याय तुमच्या कामाचा नाही.

आता तुमच्या १४०० टक्क्यांकडे येतो. २० ग्रॅम द्रावणात दोन टक्के पॉलिमर म्हणजे ०.४ ग्रॅम, त्यात ग्लिसरॉल ०.१ ग्रॅम, म्हणजे एकूण अर्धा ग्रॅम घन पदार्थ झाला. नऊ सेंटिमीटरच्या डिशचे क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर साधारण ७.९ मिलिग्रॅम. हे वजन चौदापट फुगले तरी फिल्म प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ११० मिलिग्रॅम द्रव धरते. दाणेदार नवी ऊती भरत असलेल्या जखमेतून होणाऱ्या पाण्याच्या घटीचा सर्वत्र उद्धृत केला जाणारा आकडा दिवसाला प्रति चौरस मीटर ५१३८ ग्रॅम हा आहे, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर ५१० मिलिग्रॅमहून थोडा जास्त. या हिशेबाने तुमची फिल्म सुमारे पाच तासांत भरून जाते. उदासीनीकरणानंतर फुगणे कदाचित २०० टक्क्यांवर येईल, तेव्हा तर ती तासाभरातच भरेल. ६० मायक्रोमीटरची कोणतीही फिल्म स्राव शोषून घेण्याचे काम करू शकत नाही. ती हे काम करत असेल तर स्राव वाफ होऊन बाहेर गेल्यामुळे करते. म्हणून फुगण्याचे टक्के वाढवण्यामागे लागण्याऐवजी सगळे आकडे प्रति चौरस सेंटिमीटर मिलिग्रॅममध्ये लिहा. खूप फुगणारी फिल्म ओली असताना हमखास दुबळी असते, आणि तिला चांगल्या गुणांच्या यादीत बसवण्याची जी सवय या क्षेत्रात आहे तिला माझा विरोध आहे.

वाफेच्या पारगमनाविषयी. निरोगी त्वचेतून दिवसाला प्रति चौरस मीटर सुमारे २०४ ग्रॅम पाणी जाते, पहिल्या श्रेणीच्या भाजलेल्या त्वचेतून २७९ ग्रॅमच्या आसपास, आणि दाणेदार जखमेचा आकडा वर दिलाच आहे. या दोन टोकांच्या मध्ये, जखम ओलसर राहावी पण स्राव साचू नये, या विचाराने २००० ते २५०० ही शिफारस १९८७ मध्ये पुढे आली. ती मध्यम स्राव असलेल्या जखमेसाठीची सूचना आहे. प्रत्येक फिल्मने गाठायचा तो निकष नव्हे.

तुमचे ९०० ग्रॅम हे खोलीच्या तापमानाचे आहेत. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब २५ अंशांना ३.१७ किलोपास्कल, तर ३७ अंशांना ६.२८ किलोपास्कल असतो, म्हणजे केवळ तापमान बदलल्याने वाफेला बाहेर ढकलणारा दाब जवळपास दुप्पट होतो. घटकांना हात लावण्यापूर्वी मोजणी ३७ अंशांना, बाहेरील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली ठेवून करा. त्याच वेळी एक उघडा कप, म्हणजे फिल्म न लावलेला कप, शेजारी ठेवा. स्थिर हवेत उघड्या कपाचे बाष्पीभवनही मर्यादित असते, आणि तुमच्या फिल्मचा आकडा उघड्या कपाच्या जवळ आला तर तुम्ही फिल्मऐवजी कपावरच्या हवेच्या थराचा विरोध मोजत असता. हा नियंत्रण कप अनेक निबंधांत दिसत नाही. तो नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून काहीच म्हणता येत नाही.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. ईएन १३७२६ या जखमेच्या आवरणांच्या चाचण्यांसाठीच्या युरोपीय मानकातील पॅडिंग्टन कप (चाचणीचा ठरावीक कप) सरळ ठेवला तर फिल्मला फक्त वाफ लागते आणि उलटा ठेवला तर द्रव पाणी लागते. पॉलियुरेथेनच्या काही फिल्ममध्ये आणि तुमच्यासारख्या जलस्नेही फिल्ममध्ये ही दोन मूल्ये बरीच वेगळी येतात. जखमेवर फिल्मला द्रवच लागणार आहे, म्हणून मी उलट्या कपाच्या आकड्याला अधिक महत्त्व देईन.

उत्तर २ : जखम_परिचर्या

मी प्रयोगशाळेत काम करत नाही. जखमांची काळजी घेणे हे माझे रोजचे काम आहे आणि त्या बाजूने काही सांगावेसे वाटते. तुमच्या प्रश्नात जखम कोणती हे कुठेच आलेले नाही. त्वचारोपणासाठी जिथून कातडी काढली ती जागा, वरवरचे खरचटणे, शस्त्रक्रियेचा टाके घातलेला छेद, शिरांच्या आजारामुळे पायावर झालेला व्रण आणि मधुमेहातील तळपायाची जखम या सगळ्यांना आपण जखम म्हणतो, पण त्यांच्या गरजा परस्परविरोधी असतात. पारदर्शक पातळ फिल्म ही पहिल्या तिन्हींसाठी योग्य आहे. खूप स्राव असलेल्या व्रणावर ती एकटी लावली तर स्राव तिच्याखाली साचतो, कडेची चांगली त्वचा भिजून पांढरी आणि मऊ पडते आणि जखम आणखी वाढते. तिथे फिल्म लावायचीच असेल तर ती फोमच्या किंवा अल्जिनेटच्या शोषक थरावरचे बाहेरचे आवरण म्हणून लावली जाते.

ओलसर जखम लवकर भरते हा विचार जॉर्ज विंटर यांच्या १९६२ मधील प्रयोगाने रुजवला. डुकरांच्या त्वचेवर केलेल्या उथळ जखमांपैकी काही त्यांनी पॉलिथिनच्या फिल्मने झाकल्या आणि काही उघड्या ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर बाह्यत्वचेचा नवा थर साधारण दुप्पट वेगाने पसरला, कारण उघड्या जखमेवर खपली धरते आणि नव्या पेशींना त्या वाळलेल्या भागाच्या खालून वाट काढावी लागते. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मायबाख यांनी माणसांवरही हा परिणाम दाखवला. विंटर यांनी वापरलेल्या पॉलिथिनमधून वाफ अगदीच कमी जाते हे लक्षात घ्या. उथळ, कमी स्रावाच्या जखमेवर तेवढ्यानेही काम झाले. त्यामुळे वरच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे २००० हा आकडा सर्व जखमांवर लादू नये, हे माझेही मत आहे.

एक गोष्ट चाचण्यांच्या यादीत क्वचितच दिसते आणि रुग्णाला मात्र सर्वांत आधी जाणवते, ती म्हणजे फिल्म काढताना काय होते. जलस्नेही फिल्म ओली असताना जखमेच्या पृष्ठभागाशी एकजीव होते आणि स्राव कमी झाल्यावर तिथेच वाळते. ती ओढून काढली की नुकताच आलेला नवा थर तिच्याबरोबर निघतो, वेदना होतात आणि भरत आलेली जखम मागे जाते. तुमची फिल्म काढायची आहे की जखमेवरच विरघळून जाऊ द्यायची आहे, हे सुरुवातीलाच ठरवा. काढायची असेल तर जिलेटिनच्या ओल्या थरावर ती चिकटवून, काही काळ वाळू देऊन, सोलून काढायला किती बल लागते ते मोजा. सलाइनने भिजवल्यावर ती सहज सुटते का हेही पाहा, कारण प्रत्यक्षात आम्ही तसेच करतो. कोपर, गुडघा किंवा बोटाच्या सांध्यावर फिल्म वळते तेव्हा कडा उचलल्या जातात का, तेही महत्त्वाचे आहे. सुट्या फिल्मच्या ताणबलाचा आकडा कितीही चांगला असला तरी कड उचलली की जंतूंना वाट मिळते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : पटल_अभ्यासक

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. जखमेचा प्रकार आता निश्चित करते: त्वचारोपणाच्या दात्या जागेसारखी उथळ, सुरुवातीला मध्यम आणि पुढे कमी स्राव असलेली जखम. फिल्म जखमेवर राहावी आणि नवा थर आल्यावर आपोआप सुटून यावी असा उद्देश धरते. पीव्हीएची प्रत बदलणे आणि उदासीनीकरण या दोन गोष्टी लगेच करता येतील.

एक शंका उरते. उदासीनीकरणानंतर चिटोसानचा जंतुनाशक गुण राहील का? त्याचे श्रेय धनभारित अमिनो गटांना दिले जाते आणि आपण तेच भार काढून टाकत आहोत. जर तो गुण जाणार असेल तर करक्युमिन किंवा चांदी घालण्याचे कारण अधिक बळकट होते असे वाटते.

उत्तर ३ : पेशी_संवर्धन

तुमची शंका योग्य आहे. पीकेएच्या वरच्या सामूला चिटोसानचे बहुतेक अमिनो गट भाररहित असतात, आणि दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमांचा सामू सातच्या वर, कधी आठच्याही पुढे गेलेला आढळतो. अशा ठिकाणी उदासीन केलेल्या फिल्मकडून जंतुनाशक परिणामाची फारशी अपेक्षा ठेवू नये. हा गुण मोजताना पद्धतीचीही काळजी घ्यावी लागते. आगर प्लेटवर फिल्मचा तुकडा ठेवून भोवतीचा स्वच्छ पट्टा मोजण्याची चाचणी फक्त बाहेर झिरपणाऱ्या पदार्थासाठी अर्थपूर्ण आहे. चिटोसान आगरमध्ये पसरत नाही, त्यामुळे पट्टा न दिसणे स्वाभाविक असते. उलट पट्टा दिसलाच तर तो बहुधा उरलेल्या अ‍ॅसिटिक आम्लाचा असतो. पृष्ठभागाशी संपर्कात ठेवलेल्या जिवंत जिवाणूंची संख्या मोजणारी आयएसओ २२१९६ सारखी पद्धत इथे अधिक योग्य ठरेल.

तरीही यावरून चांदी किंवा करक्युमिन घालण्याकडे वळणे मला घाईचे वाटते. फिल्म जंतूंना बाहेर ठेवू शकली तर स्वच्छ दात्या जागेसाठी तेवढे काम पुरेसे असते. ओल्या अवस्थेत अखंड राहणाऱ्या फिल्ममधून जिवाणू पलीकडे जातात का, याची साधी चाचणी आधी करा. फिल्मने निर्जंतुक माध्यमाची बाटली बंद करायची, वरून जिवाणूंचे द्रावण ठेवायचे आणि माध्यम गढूळ होते का पाहायचे.

औषध घालण्याचा हिशेब जाडीवरून करता येतो. पाण्यात विरघळणाऱ्या छोट्या रेणूचा फुगलेल्या जेलमधील विसरण गुणांक १०^−६ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद धरला आणि फुगलेली जाडी १०० मायक्रोमीटर धरली, तर जाडीचा वर्ग भागिले गुणांक हा वैशिष्ट्यपूर्ण काळ १०० सेकंद येतो. असे औषध काही मिनिटांत बाहेर पडते. ते फिल्मशी रासायनिक बंधाने किंवा भाराने जखडलेले नसेल तर ‘तीन दिवस सावकाश मुक्तता’ इतक्या पातळ फिल्ममधून होत नाही. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही म्हणून ते सावकाश बाहेर येताना दिसते, परंतु बफरमध्ये इथेनॉल किंवा ट्वीन हा पृष्ठसक्रिय पदार्थ मिसळून केलेली मुक्ततेची चाचणी जखमेतील द्रवाचे वर्णन करत नाही. शिवाय ते प्रकाशात आणि किंचित अल्कधर्मी सामूला लवकर विघटित होते. चांदीच्या बाबतीत, स्रावातील क्लोराइड आणि प्रथिने तिचे आयन अडवतात, म्हणून परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते आणि वाढवलेली मात्रा नव्या त्वचेच्या केराटिनोसाइट आणि फायब्रोब्लास्ट पेशींनाही इजा करते. संसर्ग झालेल्या जखमेवर हा तोटा पत्करण्याजोगा असतो. तुम्ही निवडलेल्या जखमेवर तो पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

पेशींवरील चाचण्यांत तुमच्या पदार्थाला विशेष लागू पडणाऱ्या अडचणी सविस्तर सांगते, कारण इथेच चांगल्या फिल्म नापास होतात आणि वाईट पास होतात.

आयएसओ १०९९३-१२ नुसार अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ पदार्थाचा अर्क काढताना प्रति मिलिलिटर माध्यमाला सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग घ्यायचा असतो. फुगणारी फिल्म त्यातले बरेच माध्यम स्वतःच पिऊन टाकते. उरलेला अर्क घट्ट होतो आणि पेशी मरतात, तेव्हा दोष फिल्मच्या विषारीपणाचा नसून कमी पडलेल्या माध्यमाचा असतो. म्हणून फिल्म किती माध्यम शोषते ते आधी मोजून तेवढे जादा माध्यम घालण्याची मुभा मानकातच दिलेली आहे, तिचा उपयोग करा. अर्काचा सामू पेशींवर घालण्यापूर्वी तपासा. उदासीनीकरणात राहिलेले थोडेसे सोडियम हायड्रॉक्साइड किंवा न धुतलेले अ‍ॅसिटिक आम्ल निकाल पूर्णपणे उलटवू शकते. आयएसओ १०९९३-५ मध्ये पेशींची जीवनक्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर पदार्थ पेशीविषारी धरतात. मात्र ७० च्या वरचा आकडा म्हणजे फिल्म जखम भरण्यास मदत करते, असा अर्थ होत नाही.

पुढे कधी वनस्पतिजन्य पॉलिफेनॉल किंवा करक्युमिन घातलेच, तर एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी एमटीटी या द्रव्याला क्षपित करून जो रंग देतात त्यावरून जीवनक्षमता मोजणाऱ्या) पेशींविना ठेवलेले नियंत्रण अनिवार्य समजा. असे पदार्थ एमटीटीला स्वतःच क्षपित करून रंग निर्माण करतात आणि मृत पेशीही जिवंत असल्यासारखा आकडा मिळतो. अशा वेळी डीएनएचे प्रमाण मोजणे किंवा जिवंत आणि मृत पेशी वेगळ्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, यांपैकी एक दुसरी पद्धत जोडीला हवी.

चिटोसानच्या कच्च्या मालाकडेही लक्ष द्यावे. डीअ‍ॅसिटिलेशनचे प्रमाण (किती अ‍ॅसिटिल गट काढले ते) आणि रेणुभार पुरवठ्यागणिक बदलतात. स्रावातील लायसोझाइम हे विकर अ‍ॅसिटिल गट शिल्लक असलेल्या ठिकाणीच साखळी तोडते, म्हणून ९५ टक्क्यांहून अधिक डीअ‍ॅसिटिलेशन झालेले चिटोसान जखमेवर फार सावकाश विघटित होते. फिल्म आपोआप सुटावी असे तुम्हाला वाटत असेल तर हे प्रमाण निवडणे क्रॉसलिंकरच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे ठरेल. धनभारित चिटोसान जिवाणूंचे एंडोटॉक्सिनही धरून ठेवते, आणि त्यामुळे होणारी दाहक प्रतिक्रिया चिटोसानच्या नावावर खपते. वैद्यकीय प्रतीचा माल घ्या किंवा एंडोटॉक्सिन मोजून घ्या.

पुढे प्राण्यांवर चाचणी करण्याची वेळ आली तर उंदरांच्या जखमेचे क्षेत्रफळ किती कमी झाले एवढ्यावर विसंबू नका. उंदराच्या त्वचेखाली स्नायूंचा एक पातळ थर असतो आणि त्यामुळे जखम मुख्यतः आकसून बंद होते, तर माणसाच्या उथळ जखमेवर नवा थर पसरावा लागतो. जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून आकसणे रोखणारी पद्धत गॅलियानो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडली, ती वापरा आणि ऊतींचे छेद घेऊन नव्या थराची लांबी मोजा.

उत्तर ४ : बहुवारिक_रसायन

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. फक्त निर्जंतुकीकरणाची जोड द्यावी लागेल, कारण ते शेवटी ठेवले की आधीचे सगळे मोजमाप पुन्हा करावे लागते. ऑटोक्लेव्हमधील गरम वाफेत तुमची फिल्म फुगून विरूप होईल, आणि पीव्हीएचे सूक्ष्म स्फटिक त्या तापमानाला पाण्याच्या सान्निध्यात टिकणार नाहीत. ७० टक्के इथेनॉल आणि अतिनील प्रकाश एवढ्यावर पेशींच्या चाचण्या उरकता येतात, पण त्याने बीजाणू मरत नाहीत, म्हणून त्याला निर्जंतुकीकरण म्हणू नये. इथिलीन ऑक्साइड चालेल. जलस्नेही फिल्ममध्ये मात्र तो वायू आणि त्याची उपउत्पादने अडकून राहतात, आणि त्यांच्या मर्यादा आयएसओ १०९९३-७ प्रमाणे तपासाव्या लागतात.

गॅमा किरणांची २५ किलोग्रे ही सर्वसाधारण मात्रा चिटोसानच्या साखळ्या तोडते आणि रेणुभार घटवते. त्याच किरणांनी पाण्यात फुगलेले पीव्हीए किंवा पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन) क्रॉसलिंक होते. पोलंडमध्ये यानुश रोसियाक यांनी १९८० च्या दशकात पीव्हीपी, पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि आगर यांचे मिश्रण पाकिटात बंद करून किरणांना सामोरे ठेवले, आणि एकाच टप्प्यात जेलची घडण आणि निर्जंतुकीकरण दोन्ही साधले. तुमच्या मिश्रणात पीव्हीएचे प्रमाण अधिक ठेवून, फिल्म वाळवण्याऐवजी ओलसर स्थितीत पाकीटबंद करून किरण दिले, तर गोठवण्याची आवर्तने वगळता येतील का हे पाहण्यासारखे आहे. त्या स्थितीत चिटोसान किती तुटते ते विस्कोमीटरवर मोजणे अवघड नाही.

फुगण्याच्या चाचणीसाठी फॉस्फेट बफरऐवजी ईएन १३७२६ मधील द्रावण वापरा, ज्यात प्रति लिटर १४२ मिलिमोल सोडियम आणि २.५ मिलिमोल कॅल्शियम क्लोराइडच्या रूपात असते. सध्या तुमच्या फिल्मला याने थोडाच फरक पडेल, पण पुढे त्याखाली अल्जिनेटचा थर जोडण्याचे ठरवलेत तर बफरमधील फॉस्फेट अल्जिनेटचे कॅल्शियम ओढून घेते आणि जखमेवर टिकू शकणारा थर प्रयोगशाळेतच विरघळून जातो. ताणबलाची चाचणीही याच द्रावणात भिजवलेल्या, निर्जंतुक केलेल्या पट्ट्यांवर करा आणि जाडी भिजल्यानंतर पुन्हा मोजा. कोरड्या पट्ट्यांची चाचणी घेतलीच तर त्या आधी २३ अंश आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून वजन स्थिर झाल्यावरच यंत्रावर लावा, कारण ग्लिसरॉल असलेल्या फिल्मचे ताणबल हवेतील ओलाव्यानुसार खूप बदलते.